पोरं सांगतात ते किती धरायचं? कॉलेज निवडताना विद्यार्थ्यांच्या मतांचा उपयोग

बारावीचा निकाल लागला की सीमाभागातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. बेळगावातच ठेवायचं, धारवाड-हुबळीला पाठवायचं, कोल्हापूर-सांगली-पुणे बघायचं, की घाट उतरून गोव्याला? पुण्यातल्या पालकांना बहुधा एकाच राज्याचे नियम समजून घ्यावे लागतात. खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या पालकांपुढे एकाच वेळी केसीईटी, कॉमेडके आणि एमएचटी-सीईटी अशा तीन वाटा असतात. प्रत्येक वाटेचं वेळापत्रक वेगळं, फी वेगळी आणि कागदपत्रंही वेगळी. अशा वेळी पहिला आधार असतो तो गल्लीतल्या, नात्यातल्या किंवा ओळखीतल्या विद्यार्थ्याचा. ‘अमक्याचा मुलगा तिथंच शिकतोय, त्याला विचारून बघ,’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतं.

हा आधार चुकीचा नाही. माहितीपत्रकात जे छापलं जात नाही ते विद्यार्थी सांगतात. मात्र एका मुलाच्या शब्दावर चार वर्षं आणि लाखो रुपये लावण्याआधी तो शब्द पारखून घ्यायला हवा. घाईत घेतलेला प्रवेश नंतर महागात पडतो. शुल्क परताव्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत टप्पे ठरवलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत मिळतं. त्यानंतर ही टक्केवारी उतरत जाते, आणि शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस उलटले की काहीच मिळत नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत आयोगाने त्या-त्या वर्षासाठी वेगळ्या तारखा दिल्या, म्हणून चालू वर्षाचं परिपत्रक बघावं. म्हणजे चौकशी करायची ती प्रवेशाच्या आधी. कॉलेज सुरू झाल्यावर कळून फारसा उपयोग नसतो.

विद्यार्थ्याला काय विचारावं, काय विचारू नये

विद्यार्थी रोज जे बघतो त्याविषयीचं त्याचं मत सर्वांत भरवशाचं. तास वेळेवर होतात का, प्रयोगशाळेतली यंत्रं चालू आहेत की नुसती मांडून ठेवलीत, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, वसतिगृहात उन्हाळ्यात पाणी येतं का, मेसचं जेवण महिनाभर खाता येतं का, ऑफिसात साधा दाखला काढायला किती खेपा घालाव्या लागतात. या गोष्टी कुठल्याही सरकारी अहवालात इतक्या नेमक्या सापडत नाहीत.

पण जे विद्यार्थ्याला स्वतः दिसत नाही, त्याबद्दलचं त्याचं मत म्हणजे ऐकीव माहिती. कॉलेजला मान्यता आहे का, पदवी कोणत्या विद्यापीठाची मिळणार, मंजूर फी किती, किती जणांना खरोखर नोकरी लागली, या प्रश्नांची उत्तरं कागदावर असतात आणि ती कागदावरच तपासायची. पहिल्या वर्षाचा मुलगा ‘प्लेसमेंट भारी आहे’ म्हणत असेल, तर ते त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. त्याने स्वतः अजून मुलाखतही दिलेली नसते.

बोलतंय कोण?

एकाच कॉलेजबद्दल दोन मुलं अगदी उलट बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात. एक संगणक शाखेचा, दुसरा स्थापत्यचा. एक घरून ये-जा करणारा, दुसरा वसतिगृहात राहणारा. एक सरकारी कोट्यातून आलेला, दुसरा मॅनेजमेंट सीटवरचा. म्हणून मत ऐकण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: शाखा कोणती, प्रवेशाचं वर्ष कोणतं, सीट कोणत्या कोट्यातली आणि राहायची सोय काय.

फीच्या बाबतीत तर हे विचारल्याशिवाय पुढं जाऊच नये. कर्नाटकात एकाच वर्गात शेजारी बसलेल्या केसीईटी, कॉमेडके आणि मॅनेजमेंट सीटवरच्या मुलांची फी वेगवेगळी असते. त्यात कुणाला आरक्षणाची सवलत, कुणाला शिष्यवृत्ती. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्यात आरक्षणासाठी सहसा चालत नाही, त्यामुळे कोल्हापूरच्या मुलाने भरलेली फी बेळगावच्या मुलाला लागू होईलच असं नाही. ‘तिथं फी कमीच आहे’ हे ऐकून निघायचं नाही. कुणाला कमी आहे ते विचारायचं.

वर्षही तितकंच महत्त्वाचं. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आली होती. २०२४-२५ पासून राज्याने ती बदलून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. म्हणजे २०२२ साली बीए किंवा बीकॉमला गेलेल्या मुलाने सांगितलेले विषय आणि परीक्षांची मांडणी आजच्या मुलाच्या वाट्याला तशी येणार नाही.

हीच गोष्ट इतर राज्यांतल्या मराठी घरांनाही लागू पडते. सीयूईटी ही सामाईक परीक्षा २०२२ पासून सुरू झाली आणि इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाने आपल्या विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांसाठी ती स्वीकारली. गुजरातेत २०२४ पासून वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठासह राज्यातल्या सरकारी विद्यापीठांसाठी जीकॅस ही एकच अर्जव्यवस्था आली. हैदराबादेत पदवीचे प्रवेश ‘दोस्त’ या ऑनलाइन व्यवस्थेतून होतात. थोरल्या दादाने पाच-सात वर्षांपूर्वी ज्या वाटेने प्रवेश घेतला ती वाट आता तशीच असेल असं धरून चालू नये.

ताऱ्यांचा हिशेब

पाचपैकी किती तारे, हे बघायला सोपं आणि फसवायलाही सोपं. समजा, एका कॉलेजबद्दल १० जणांनी मत दिलं आणि सरासरी ४.५ आली. उद्या दोन नाराज मुलांनी एकेक तारा दिला, तर सरासरी थेट ३.९ वर येते. तेच २०० जणांच्या मतांची सरासरी ४.५ असेल, तर त्या दोघांमुळे ती जेमतेम ४.४७ होते. म्हणून तारे मोजण्याआधी माणसं मोजावीत. दहा-बारा मतांवरून दोन कॉलेजांची तुलना करण्यात अर्थ नाही.

सरासरीच्या पोटात काय दडलंय तेही बघावं. सगळ्यांनी तीन तारे दिले तरी सरासरी ३, आणि निम्म्यांनी पाच, निम्म्यांनी एक दिला तरी सरासरी ३. पहिलं कॉलेज मध्यम आहे. दुसऱ्यात मात्र दोन वेगळी जगं आहेत, बहुधा एक शाखा चांगली आणि दुसरी वाऱ्यावर सोडलेली. आपल्या मुलाला कोणती शाखा मिळणार यावर सगळं ठरतं.

आणखी एक गोष्ट विसरू नये. स्वतःहून मत द्यायला पुढे येतो तो बहुतेक वेळा खूप खूश असलेला किंवा खूप चिडलेला. ज्याचं सगळं ठीकठाक चाललंय तो गप्प असतो. हा गप्प बसलेला विद्यार्थी शोधून त्याला विचारलं, तर सर्वांत समतोल उत्तर मिळतं.

पेरलेली मतं कशी ओळखावीत?

ग्राहकांच्या ऑनलाइन मतांसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानक आणलं. मत देणारा खरा आहे का, पैसे देऊन मत लिहून घेतलंय का, नकारात्मक मतं दडपली जातात का, असे मुद्दे त्यात आहेत. पण ते मानक ऐच्छिक म्हणून आणलेलं आहे. त्यामुळे चाळणी आपल्यालाच लावावी लागते.

पेरलेल्या मतांच्या काही खुणा सहज दिसतात. प्रवेशाच्या तोंडावर, मे-जून महिन्यात एकदम कौतुकाची रांग लागते. सगळ्यांची भाषा माहितीपत्रकासारखी असते: ‘उत्कृष्ट प्राध्यापकवर्ग, अत्याधुनिक सुविधा, निसर्गरम्य परिसर’. खरा विद्यार्थी असं बोलत नाही. तो म्हणतो, ‘तिसऱ्या सेमला गणिताला सरच नव्हते, दिवाळीनंतर आले.’ ज्या मतात तपशील आहे, एक चांगली आणि एक वाईट गोष्ट आहे, ते जास्त धरावं. कधी कधी वर्गातल्या मुलांना एकत्र बसवून चांगली मतं लिहायला सांगितलं जातं. ओळखीच्या मुलाला हे सरळ विचारलं तर तो हसून सांगतो.

निंदेलाही हीच चाळणी. परीक्षेत अडकलेला, वसतिगृहातून काढलेला किंवा शेजारच्या कॉलेजचा कुणी राग काढत असू शकतो. एकच तक्रार वेगवेगळ्या वर्षांच्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या तिघा-चौघांनी केली, की ती गंभीरपणे घ्यावी.

शिक्षकांविषयीची मतं

‘सर कडक आहेत’ आणि ‘सर शिकवत नाहीत’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवरून कॉलेज सोडू नये. मार्क सढळ देणारे शिक्षक मुलांना आवडतात, पण त्यावरून शिकवणं कळत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑनलाइन वर्गातल्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपली ओळख अदलाबदल करून सांगितली होती. शिकवणारी व्यक्ती कोणीही असो, जिला विद्यार्थी पुरुष समजत होते तिला त्यांनी जास्त गुण दिले. म्हणून शिक्षक आवडतो का, यापेक्षा नेमकं विचारावं: मागच्या सेमिस्टरला किती तास बुडाले, अभ्यासक्रम वर्गात पूर्ण झाला की शेवटची दोन युनिटं स्वतः करायला सांगितली, शंका घेऊन स्टाफरूममध्ये गेलं तर बसवून सांगतात का, आणि वर्षात किती शिक्षक सोडून गेले.

नियम कॉलेजचा की विद्यापीठाचा?

बऱ्याच तक्रारी कॉलेजच्या नावावर खपतात, पण त्या असतात विद्यापीठाच्या नियमांविरुद्ध. बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची, म्हणजे व्हीटीयूची, हजेरीची अट ८५ टक्क्यांची आहे. ‘हजेरीसाठी फार छळतात’ हे वाक्य व्हीटीयूच्या कुठल्याही कॉलेजात ऐकू येईल. एक कॉलेज सोडून दुसऱ्यात गेल्याने ते सुटत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना भीती असते ती कन्नडची. व्हीटीयूच्या अभियांत्रिकीत कन्नड येणाऱ्यांसाठी ‘सांस्कृतिक कन्नड’ आणि न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या वापराची कन्नड, असे दोन वेगळे विषय आहेत. ‘तिथं कन्नड सक्तीचं आहे, जमणार नाही,’ असं कुणी म्हणालं तर तो कोणत्या विषयाबद्दल बोलतोय ते विचारावं. दुसरीकडे, वर्गात इंग्रजी सोडून सगळं समजावणं कन्नडमध्ये होतं का, ऑफिसात मराठी किंवा हिंदी चालते का, हे मात्र त्या-त्या कॉलेजवर अवलंबून असतं. ते तिथल्या मराठी विद्यार्थ्यालाच विचारायला हवं.

कॉलेज स्वायत्त आहे की नाही, हेही बघावं. स्वायत्त कॉलेज परीक्षा स्वतः घेतं, पदवी मात्र विद्यापीठाची मिळते. तिथल्या पेपरांबद्दलची मतं त्या कॉलेजपुरतीच खरी.

मत आणि कागद जुळवून बघा

विद्यार्थ्यांची मतं सरकारी चौकटीतही गोळा होतात. १९९४ मध्ये स्थापन झालेली आणि बेंगळुरूत मुख्यालय असलेली नॅक ही संस्था कॉलेजांचं मूल्यांकन करते. २०१७ मध्ये सुधारलेल्या तिच्या पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाला. त्यात कॉलेजने दिलेल्या यादीतल्या विद्यार्थ्यांना थेट प्रश्नावली पाठवली जाते. कॉलेजचा स्वयं-अध्ययन अहवाल त्याच्या संकेतस्थळावर असतो. विद्यार्थ्यांचा अभिप्राय घेऊन पुढं काय केलं, त्याची माहितीही तिथं सापडते. तो भाग आवर्जून वाचावा. ‘विद्यार्थी समाधानी आहेत’ एवढंच लिहिलं असेल तर अर्थ कमी. ‘ग्रंथालयाची वेळ वाढवली’ असं काही लिहिलं असेल तर तिथल्या मुलाला विचारता येतं: खरंच वाढवली का?

नॅकची श्रेणीही डोळे झाकून घेऊ नये. चांगली श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या पाहणी पथकातल्या सदस्यांना अटक केली होती. श्रेणीला मुदत असते, ती संपली आहे का तेही बघावं. अभियांत्रिकीसाठी एनबीएची मान्यता वेगळी, आणि ती संपूर्ण कॉलेजला मिळत नाही, एकेका शाखेला मिळते. फलकावर ‘एनबीए मान्यताप्राप्त’ लिहिलेलं असलं तरी आपली शाखा त्यात आहे का, हे विचारावं.

नोकऱ्यांच्या आकड्यांसाठी एनआयआरएफ उपयोगी पडतं. २०१६ पासून निघणाऱ्या या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं आपली माहिती जाहीर करतात. ठरलेल्या मुदतीत किती विद्यार्थी पास झाले, किती जणांना नोकरी लागली, किती पुढं शिकायला गेले आणि पगाराचा मध्यांक किती, हे त्यात असतं. क्रमांकापेक्षा हे आकडे मोलाचे.

मध्यांक का बघायचा? समजा, पाच मुलांना वर्षाला ३, ३, ३.५, ४ आणि ४० लाखांच्या नोकऱ्या लागल्या. सरासरी निघते १०.७ लाख आणि फलकावर झळकतात ४० लाख. पण मधल्या मुलाचा पगार आहे ३.५ लाख. आपला मुलगा बहुधा त्या मधल्याच्या आसपास असणार. माजी विद्यार्थ्याला म्हणूनच विचारावं, ‘तुझ्या वर्गातल्या साठ जणांपैकी कॅम्पसमधून किती जण लागले, आणि त्यातले किती जण खरोखर रुजू झाले?’

सीमाभागासाठी खास

महाराष्ट्राच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी ‘टाइप-ई’ हा वेगळा प्रकार आहे. त्यासाठी सीमाभागात राहत असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो, शिवाय दहावी किंवा बारावी त्या भागातून झालेली असावी लागते. या वाटेने गेलेल्या विद्यार्थ्याचा अनुभव सोन्यासारखा, कारण कोणता दाखला कुठं अडला आणि कोणत्या कचेरीत मिळाला हे तोच सांगू शकतो. नियमांची खात्री मात्र त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून करावी.

रोज ये-जा करायचा विचार असेल तर रस्त्याचं मतही विचारावं. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावामुळे दोन्ही राज्यांदरम्यानची बससेवा खंडित झाली होती. निपाणीहून कोल्हापूरला जाणाऱ्या मुलांनी तेव्हा काय केलं, परीक्षेच्या दिवशी कॉलेजने समजून घेतलं का, हे त्या मुलांनाच माहीत.

भेटीच्या दिवशी

शक्य असेल तर प्रवेशाआधी एकदा कॉलेजवर जावं, आणि तेही चालू दिवशी. ऑफिसने बरोबर दिलेल्या मुलाशी बोलावंच, पण खरी माहिती चहाच्या टपरीवर, बसस्टॉपवर आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळते. पालकांनी थोडं बाजूला थांबून मुलाला-मुलीला स्वतः बोलू द्यावं. मुलीचा प्रवेश असेल तर तिथल्या मुलींशी वेगळं बोलणं गरजेचं. संध्याकाळी लॅब सुटल्यावर वसतिगृहापर्यंत कसं जाता, तक्रार केली तर कोण ऐकतं, हे त्याच सांगतील.

पाच-सहा प्रश्न ठरवून सगळ्यांना तेच विचारावेत, म्हणजे तुलना करता येते:

– पुन्हा संधी मिळाली तर हेच कॉलेज घेशील का? का?
– जाहीर फीशिवाय वर्षभरात आणखी किती पैसे भरावे लागले?
– मागच्या सेमिस्टरला कोणता विषय शिक्षकाविना राहिला?
– आजारी पडलास तेव्हा कोण धावून आलं?
– रॅगिंग किंवा छळाची तक्रार झाली तेव्हा कॉलेजने काय केलं?
– तुझ्या धाकट्या भावाला-बहिणीला इथं पाठवशील का?

शेवटच्या प्रश्नावर मुलं सहसा खोटं बोलत नाहीत.

रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठ स्तरावर लोकपाल असणं बंधनकारक आहे. ही समिती कोण, कुठं बसते, हे तिथल्या विद्यार्थ्यांना माहीत आहे का, एवढं विचारलं तरी कॉलेजचा बराच अंदाज येतो. आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेतो असं कुणी म्हणालं, तर २०१८ च्या त्याच अधिसूचनेनुसार ती पडताळून परत द्यायची असतात, हे लक्षात ठेवावं.

शेवटी निर्णय

आधी मान्यता, विद्यापीठ आणि मंजूर फी कागदावर तपासावी. त्यात नापास झालेलं कॉलेज कितीही कौतुक ऐकलं तरी यादीतून काढावं. उरलेल्या तीन-चार कॉलेजांसाठी आपल्याच शाखेच्या, गेल्या दोन-तीन वर्षांतल्या, किमान पाच विद्यार्थ्यांशी बोलावं. त्यात एक माजी विद्यार्थी आणि एक वसतिगृहातला असावा. ऐकलेलं वहीत लिहून ठेवावं, कारण चौथ्या कॉलेजपर्यंत पहिल्याचं विसरायला होतं.

मग ती वही मुलापुढं ठेवावी. एकाला जी गैरसोय वाटते ती दुसऱ्याला वाटत नाही. शांत गाव कुणाला कंटाळवाणं, तर कुणाला अभ्यासाला बरं. इतरांची मतं ऐकायची ती आपल्याला काय हवंय हे कळण्यासाठी. चार वर्षं तिथं काढायची आहेत ती सांगणाऱ्या पोरानं नाही, आपल्या पोरानं.